परळमधील मुख व ग्रीवा कर्करोगाची शल्यक्रिया आणि गिरणगावातील रुग्ण : एक ऐतिहासिक आढावा (१९४१–२०१५)

सारांश

मुंबईतील परळ येथे १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुख व ग्रीवा भागातील अर्बुदांच्या शल्यक्रियेची जी परंपरा निर्माण झाली, तिचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. अर्बुदापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचावे, अर्बुद काढल्यावर उरलेली पोकळी कशाने भरावी आणि मानेतील लसिकाग्रंथी केव्हा काढाव्यात, हे या शल्यक्रियेतील तीन मूलभूत प्रश्न होत. या प्रश्नांची पाश्चात्त्य उत्तरे परळमध्ये जशीच्या तशी स्वीकारता आली नाहीत. रुग्णाच्या तंबाखू-सुपारीच्या सवयी, त्याचे शारीरिक कष्टाचे काम, त्याची आर्थिक स्थिती आणि गावाहून पुन्हा येण्याची त्याची शक्यता या गोष्टींनी ती उत्तरे घडवली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मुखकर्करोग, शल्यक्रिया, गिरणगाव, तंबाखू, टाटा मेमोरियल रुग्णालय, वैद्यकाचा सामाजिक इतिहास.

प्रस्तावना

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती १८९६ ची प्लेगची साथ. हाफकिन यांची लस, घरांची सक्तीची तपासणी, शहर सोडून गेलेले कामगार आणि १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हा सर्व इतिहास अभ्यासक्रमातूनही शिकवला जातो. कर्करोगाचे तसे नाही. तो साथीप्रमाणे शहरावर कोसळत नाही, त्यामुळे दंगे होत नाहीत आणि सरकारी अहवालांचे ढीगही साठत नाहीत. एकेका घरात, एकेका माणसाच्या गालफडात तो हळूहळू वाढतो. म्हणूनच ज्या परळने या रोगाशी पाऊण शतकाहून अधिक काळ झुंज दिली, त्या परळच्या सामाजिक इतिहासातही गिरण्या, संप आणि शाहिरी यांच्या तुलनेत या झुंजीला फारच थोडी जागा मिळालेली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या झुंजीचा एक भाग, म्हणजे तोंड, जबडा व मान यांतील अर्बुदांची शल्यक्रिया, एवढाच आहे. विषय वरकरणी तांत्रिक वाटतो. तथापि शल्यविशारदाने छेद कोठे घ्यावा हा निर्णय केवळ शरीररचनेवर अवलंबून नसतो. समोरचा रुग्ण कोण आहे, त्याचे पोट कोणत्या कामावर चालते आणि तो तपासणीसाठी पुन्हा येऊ शकेल काय, हेही त्या निर्णयात अंतर्भूत असते. त्यामुळे हा विषय जितका वैद्यकाचा तितकाच इतिहासाचाही ठरतो. विवेचनासाठी प्रकाशित वैद्यकीय निबंधांचा आधार घेतला असून, वैद्यकाचे अभ्यासक नसलेल्या वाचकांसाठी तांत्रिक संज्ञांचे सोप्या भाषेत स्पष्टीकरण केले आहे.

परळ : गिरण्या आणि रुग्णालये

गव्हर्नरचे निवासस्थान असलेले परळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांच्या धुराने वेढले गेले. त्या जुन्या राजभवनात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली आणि पुढे तिलाच हाफकिन संस्था हे नाव मिळाले. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीदारांनी, अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती, ही बाब राष्ट्रीय चळवळीच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. वाडिया रुग्णालयेही याच दशकात उभी राहिली. अशा रीतीने कापड गिरण्या आणि रुग्णालये एकमेकांच्या शेजारी वाढली. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार लालबाग-परळच्या चाळींत, एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपत होता, खाणावळीत जेवत होता आणि आजारी पडला की चालत जाता येईल अशा अंतरावर त्याला मोठे रुग्णालय मिळत होते.

लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा सात मजल्यांच्या या इमारतीत ८० खाटा होत्या आणि वार्षिक खर्चाचा अंदाज ५ लाख रुपयांचा होता. १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयाची जबाबदारी स्वीकारली. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ साली कर्करोग संशोधन संस्थेशी एकत्रित होऊन टाटा मेमोरियल केंद्र अस्तित्वात आले. एका खासगी दानातून निघालेली संस्था पंचवीस वर्षांत राष्ट्रीय संस्था झाली.

रोगाची ओळख : 'भारतात कर्करोग दुर्मीळ' या समजाचा शेवट

विसाव्या शतकाच्या प्रारंभी, कर्करोग हा सुधारलेल्या देशांचा रोग असून भारतात तो विरळा आढळतो, असा समज वसाहतकालीन वैद्यकात रूढ होता. १९३३ साली ऑर यांनी त्रावणकोरमधील पान-तंबाखू खाणाऱ्यांमधील मुखकर्करोगावर 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. १९३५ साली नाथ व ग्रेवाल यांनी भारतातील कर्करोगाची विस्तृत पाहणी मांडली. या लेखनामुळे तो समज डळमळू लागला.

परळमधून या चर्चेत निर्णायक भर घातली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी. सेठ गोवर्धनदास महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केलेले खानोलकर रुग्णालयाच्या स्थापनेबरोबर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९४४ साली, म्हणजे रुग्णालय सुरू झाल्यापासून अवघ्या तीन वर्षांत, त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीन वर्षांत एका रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे हजार रुग्ण नोंदले जातात, यातच 'दुर्मीळ' या विशेषणाचे उत्तर होते. पुढे १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. १९५६ साली शल्यविशारद पेमास्टर यांनी गालाच्या अस्तराच्या कर्करोगाच्या ६५० रुग्णांचा अभ्यास प्रकाशित केला. १९५१ साली डॉ. दाराब जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि तिने १९६३ साली मुंबईत लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. अशी नोंदणी देशात प्रथमच होत होती.

या अभ्यासांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. पाश्चात्त्य देशांत धूम्रपान व मद्य यांमुळे होणारा मुखकर्करोग प्रामुख्याने जिभेवर व तोंडाच्या तळाशी आढळतो. भारतात तो गालाच्या आतल्या अस्तरावर आणि गाल व हिरडी यांच्यामधील खोबणीत अधिक आढळतो. याचे कारण उघड आहे. चुना लावून मळलेली तंबाखू, पानाचा विडा किंवा सुपारीचे खांड आपल्याकडे त्याच खोबणीत तासन्‌तास धरून ठेवले जाते. कापसाचे तंतू उडत असलेल्या गिरणीत विडी पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण होते. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला तलफ भागवण्यासाठी गालात तंबाखूचा बार भरणे हाच मार्ग सोयीचा होता. रात्रपाळीतील झोप आणि भूक या दोहोंवर तो स्वस्तातला उपाय होता. घरातील स्त्रियांत भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावण्याची चाल होती. जेथे तंबाखू ठेवली जाते तेथेच रोग उद्भवतो, हे सूत्र परळच्या शल्यविशारदांना रोजच्या अनुभवातून कळत होते. पुढील सर्व शल्यक्रियेची दिशा याच सूत्राने ठरवली.

पहिला प्रश्न : अर्बुदापर्यंत कसे पोहोचावे?

तोंड ही अरुंद जागा आहे. तिच्या मागील भागातील अर्बुद पूर्ण दिसल्याशिवाय, त्याच्या सभोवतालच्या निरोगी भागासह ते काढणे शक्य नसते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शल्यविशारदांनी यासाठी अनेक मार्ग शोधले. फ्रान्समध्ये रू यांनी १८३६ साली आणि सेदियो यांनी १८४४ साली खालचा ओठ व जबडा मध्यभागी छेदून, दरवाजाची फळी उघडावी तसा जबडा बाजूला करून जिभेपर्यंत पोहोचण्याची पद्धत वापरली. स्वित्झर्लंडमध्ये कोखर यांनी १८८० च्या सुमारास जबड्याखालून, मानेच्या बाजूने जिभेकडे जाण्याचा मार्ग प्रचारात आणला. वरच्या जबड्याच्या अर्बुदासाठी नाकाच्या कडेने वरच्या ओठापर्यंत येणारा, फर्ग्युसन व वेबर यांच्या नावाने ओळखला जाणारा छेद रूढ झाला. मात्र श्वासनलिकेत रक्त उतरून रुग्ण गुदमरण्याचे भय कायम होते. पहिल्या महायुद्धानंतर मॅगिल व रोबॉथम यांनी चेहऱ्याच्या जखमांच्या शस्त्रक्रियांसाठी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. तेव्हा कुठे मुखशल्यक्रियेला मोकळा श्वास मिळाला. टाटा रुग्णालय स्थापन झाले तोवर ही साधने उपलब्ध झाली होती.

परंतु पाश्चात्त्य ग्रंथांतील हे मार्ग गृहीत धरीत होते की रुग्णाचे तोंड उघडते. परळमधील अनेक रुग्णांचे तोंड उघडतच नव्हते. सुपारीच्या दीर्घकालीन सेवनाने तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय पेशीजाल घट्ट होत जाते आणि जबडा हळूहळू आवळला जातो. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले आणि १९५३ साली एस. जी. जोशी यांनी भारतात त्याची नोंद केली. शिवाय अर्बुद जबड्याच्या स्नायूंत शिरले तरीही तोंड आवळते. ज्या रुग्णाच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्याच्या बाबतीत तोंडातून शस्त्रक्रिया करणे दूरच राहिले, भूल देण्यासाठी नळी घालणे हेच पहिले संकट ठरते. अशा रुग्णांत श्वासनलिकेला बाहेरून छिद्र पाडून, ओठ मध्यभागी छेदून गाल पूर्णपणे वर उचलण्याचा मार्ग अपरिहार्य झाला. छेदाची दिशा येथे सुपारीने ठरवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जबड्याच्या प्रश्नातही असाच फरक होता. युरोपीय पद्धतीत जबडा हा जिभेकडे जाण्याचा दरवाजा होता. तो उघडायचा आणि काम झाल्यावर पुन्हा जोडायचा. गाल-हिरडीच्या अर्बुदात जबडा हाच रोगाचा शेजारी असतो आणि पुष्कळदा तोच काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात हेज मार्टिन यांच्या काळात मुखातील अर्बुद, जबडा आणि मानेतील ग्रंथी एकाच वेळी, एकसंध काढण्याची शस्त्रक्रिया प्रचलित झाली आणि महायुद्धाच्या वातावरणात तिला 'कमांडो' हे टोपणनाव मिळाले. परळमध्ये डॉ. अर्नेस्ट बोर्जेस (१९०९–१९६९), पेमास्टर, जस्सावाला यांच्या पिढीने अशा मोठ्या शल्यक्रियांचा पाया घातला. रुग्णालयाजवळच्या रस्त्याला आज बोर्जेस यांचे नाव आहे.

त्या काळी, कर्करोग लसिकावाहिन्यांतून जबड्याच्या आवरणात शिरतो, असे मानले जाई. त्यामुळे निरोगी जबडाही काढला जात असे. १९७१ साली अमेरिकेत मार्चेटा व सहकाऱ्यांनी हे गृहीतक खोडून काढले. तेव्हापासून, हाडात रोग शिरला नसेल तर जबड्याची फक्त वरची कड काढून खालची कमान वाचवता येऊ लागली. ज्यांची भाकरी चावायची ताकद जबड्यावर अवलंबून होती, त्यांच्या दृष्टीने या दोन बोटे हाडाचे मोल किती असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसरा प्रश्न : पोकळी कशी भरावी?

गाल, जबडा आणि कधीकधी बाहेरची कातडीही काढल्यावर चेहऱ्यात आरपार भगदाड उरते. त्यातून लाळ व अन्न बाहेर येते आणि रुग्णाला चारचौघांत बसणे अशक्य होते. म्हणून अर्बुद काढण्याच्या इतिहासापासून पोकळी भरण्याचा इतिहास वेगळा करता येत नाही.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका जुन्या घटनेचे स्मरण औचित्यपूर्ण ठरेल. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली फिरवून नवे नाक तयार केले. नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ साचा कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवायची, मात्र दोन भुवयांमधील एक पट्टी तशीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो, हे त्यातील मर्म होते. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीतून नाक करण्याचे वर्णन आहे. कपाळाची ही रीत मात्र लोककारागिरांच्या हातांत टिकून होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

१९६३ साली स्कॉटलंडमधील मॅक्ग्रेगर यांनी कपाळाची कातडी गालातील पोकळी भरण्यासाठी वापरली आणि ही पद्धत जगभर पसरली. पुण्याच्या परिसरातून इंग्लंडला गेलेले तत्त्व अशा प्रकारे दीडशेहून अधिक वर्षांनी मुखकर्करोगाच्या उपचारात अवतरले. १९६५ साली बाकम्‌जियान यांनी खांदा व छातीवरील कातडीची पद्धत मांडली. या पद्धतींना वैद्यकीय व्यवहारात 'फ्लॅप' म्हणतात. स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह एका जागेवरून दुसरीकडे फिरवलेली कातडी किंवा स्नायू, असा त्याचा अर्थ. मुंबईत के. ई. एम. मध्ये डॉ. चार्ल्स पिंटो आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी याच सुमारास पुनर्रचनात्मक शल्यक्रियेची परंपरा रुजवली. अंटिया यांचे काम विशेषतः कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांसाठी होते. चेहरा परत देणे म्हणजे माणसाला समाजात परत पाठवणे, ही जाणीव त्यामागे होती.

कपाळाच्या फ्लॅपचा एक दोष होता. गाल भरला जाई, पण कपाळावर कायमचा व्रण राही. ज्या समाजात कपाळ हे कुंकवाचे आणि नशिबाचेही स्थान मानले जाते, तेथे हा व्रण घेऊन गावी परतणाऱ्या स्त्रीला काय वाटले असेल, याची नोंद वैद्यकीय निबंधांत नाही. छातीवरून आणलेल्या कातडीचा पूल कापण्यासाठी सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. रोजंदारीवरच्या माणसाला आणि त्याच्या सोबत आलेल्या नातेवाइकाला मुंबईत तेवढे दिवस काढणे परवडत नसे.

१९७९ साली अमेरिकेत एरियन यांनी छातीच्या मोठ्या स्नायूसह कातडी एकाच वेळी गळ्याखालून फिरवून मुखात आणण्याची पद्धत मांडली. ती एकाच टप्प्यात पूर्ण होणारी, तुलनेने कमी वेळाची आणि सूक्ष्मदर्शकाची गरज नसलेली होती. परळसारख्या, रुग्णांची रांग कधीच न संपणाऱ्या ठिकाणी ती वरदान ठरली. टाटा रुग्णालयातील शल्यविशारदांनी १९९६ साली अशा २२० शस्त्रक्रियांतील गुंतागुंतींचा अभ्यास आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पद्धतीतही उणिवा होत्या. स्नायूचा गोळा जाड असतो आणि पुरुषांच्या छातीवरचे केस पुढे तोंडात वाढू शकतात. १९८० च्या दशकात हाताच्या पुढील भागाची कातडी आणि नंतर पायाचे बारीक हाड सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून जबड्यात बसवण्याचे तंत्र आले. जबड्यासाठी पायाचे हाड वापरण्याची हिदाल्गो यांची पद्धत १९८९ साली प्रकाशित झाली. परिणाम उत्तम, पण वेळ आणि खर्च अधिक, असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे भारतात नवे तंत्र आल्यावरही जुने नाहीसे झाले नाही, दोन्ही शेजारी-शेजारी नांदत राहिली. तंत्रज्ञानाचा इतिहास एका सरळ रेषेत पुढे जातो, असे मानणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

तिसरा प्रश्न : मानेला हात केव्हा लावावा?

मुखातील कर्करोग पसरतो तो प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत. १९०६ साली अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावर आधारित निबंधात मानेच्या ग्रंथी एकसंध काढून टाकण्याची पद्धत मांडली. तिच्या रूढ झालेल्या स्वरूपात ग्रंथींबरोबर मानेचा एक मोठा स्नायू, गळ्यातील मुख्य नीला आणि खांदा उचलणाऱ्या स्नायूला चेतना देणारी मज्जातंतूही काढली जाई. हेज मार्टिन यांनी १९५१ साली १,४५० शस्त्रक्रियांच्या आधारे या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला.

मज्जातंतू गेली की खांदा खाली झुकतो आणि हात खांद्याच्या वर नेणे कठीण होते. कार्यालयात बसून काम करणाऱ्यास हा त्रास सोसता येतो. पण साच्यावर काम करणारा कामगार, डोक्यावर ओझे वाहणारा माथाडी किंवा डोईवर हंडा घेणारी बाई यांचे काय? त्यांचा जीव वाचतो, रोजगार मात्र जातो. १९६३ साली अर्जेंटिनातील स्वारेझ यांनी आणि नंतर इटलीतील बोका यांनी स्नायू, नीला व मज्जातंतू जपून केवळ ग्रंथी काढण्याची पद्धत दाखवली. पुढे गरजेपुरत्याच ग्रंथी काढण्याचे मर्यादित प्रकार रूढ झाले. श्रमजीवी रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर या शतकभराच्या इतिहासातील ही एक मोठी मानवी सुधारणा होय.

याहून अवघड प्रश्न पुढे होता. अर्बुद लहान आहे आणि मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णाची मान त्याच वेळी उघडावी, की गाठ येईपर्यंत थांबावे? आधीच ग्रंथी काढल्या तर अनेकांना विनाकारण शस्त्रक्रिया सोसावी लागते. थांबले तर काहींची वेळ निघून जाते. यावर अनेक दशके मतभेद होते. फ्रान्समध्ये १९८० साली ७५ रुग्णांवर, टाटा रुग्णालयात १९८९ साली ७० रुग्णांवर आणि ब्राझीलमध्ये १९९४ साली ६७ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांनी वादाचा निकाल लागला नाही, कारण संख्या अपुरी होती.

'थांबून पाहा' या धोरणात एक गृहीतक दडलेले आहे. ते म्हणजे रुग्ण ठरलेल्या दिवशी तपासणीस येईल. ज्या शहरात रुग्णाचे घर आणि रुग्णालय यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर असते, तेथे हे गृहीतक चालते. परळमध्ये येणारा रुग्ण रत्नागिरीचा, सोलापूरचा, बिहारचा किंवा बंगालचा असतो. पहिल्या शस्त्रक्रियेसाठीच त्याने दागिने गहाण ठेवलेले असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या सदनात जागा मिळाली तर ठीक, अन्यथा रुग्णालयाबाहेरचा पदपथच त्याचा निवारा होतो. अशा माणसाला दर दीड-दोन महिन्यांनी येण्यास सांगणे सोपे आहे, येणे सोपे नाही.

२००४ साली टाटा रुग्णालयात या प्रश्नावर मोठी चाचणी सुरू झाली. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २०१४ पर्यंत ५९६ रुग्ण तीत सहभागी झाले. निकाल स्पष्ट दिसू लागल्याने देखरेख समितीच्या सल्ल्यावरून ती थांबवण्यात आली आणि पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांपैकी तीन वर्षांनी ८०.० टक्के हयात होते. गाठ आल्यावर ग्रंथी काढण्याचे ठरवलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. रोगमुक्त राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ व ४५.९ टक्के होते. म्हणजे आठ रुग्णांची मान वेळीच उघडली तर एकाचा मृत्यू टळतो. यातील बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. गालाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होते, ही मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. तथापि अनेक दशकांच्या वादाला त्यामुळे भक्कम पुराव्याचे उत्तर मिळाले आणि ते जगभर स्वीकारले गेले.

इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. १९४१ साली जे रुग्णालय न्यूयॉर्क-लंडनच्या पद्धती शिकत होते, त्याने २०१५ साली जगाला उत्तर दिले. आणि हे उत्तर देता आले ते परळमध्ये या रोगाचे रुग्ण एवढ्या मोठ्या संख्येने येतात म्हणून. अभिमानाची गोष्ट आणि दुःखाची गोष्ट येथे एकच आहे. ज्या ५९६ माणसांनी चाचणीस संमती दिली, त्यांच्या शरीरांनी हे ज्ञान निर्माण केले. निबंधात शल्यविशारदांची नावे आहेत. रुग्णांची नावे असू नयेत हे योग्यच, पण इतिहासात त्यांचे ऋण तरी नोंदले जावे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, परळमधील मुख-ग्रीवा शल्यक्रिया ही पाश्चात्त्य तंत्राची नक्कल नव्हती. आवळलेले तोंड, खोबणीतील अर्बुद आणि परत येऊ न शकणारा रुग्ण यांनी तिला वेगळे वळण दिले. दोन, शल्यक्रियेतील प्रगती अधिकाधिक कापण्याकडून आवश्यक तेवढेच कापण्याकडे झाली आणि तिचा खरा लाभ कष्टकरी रुग्णाला झाला. तीन, शस्त्र कितीही सुधारले तरी रोगाचे मूळ शस्त्राच्या आवाक्याबाहेर राहिले.

तिसऱ्या निष्कर्षावर थोडे अधिक बोलणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि आज त्या जागी उंच इमारती आहेत. तंबाखू मात्र गेली नाही. चंचीतील तंबाखूची जागा गुटख्याच्या पुडीने घेतली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते, आणि त्यांतील बहुतेक, म्हणजे २४.४ टक्के, धूरविरहित तंबाखू घेत होते. खानोलकरांनी १९४४ साली मोजलेले हजार रुग्ण आणि आजचे रुग्ण यांच्यामधील दुवा तुटलेला नाही.

अध्यापक या नात्याने आपल्यापुढे दोन कर्तव्ये आहेत असे वाटते. आपल्या वर्गातील विद्यार्थी पुडी फोडतात ते महाविद्यालयाच्या फाटकापासून फार दूर नसते. तेथे सूचनाफलक लावण्यापलीकडे काही करणे हे पहिले कर्तव्य. दुसरे कर्तव्य इतिहासाच्या अध्यापकांचे आहे. लालबाग-परळच्या चाळी पाडल्या जात आहेत आणि त्यांतील जुनी पिढी उपनगरांत विखुरते आहे. ज्यांनी अर्धा जबडा देऊन उरलेले आयुष्य जगले, ज्यांनी त्यांना पातळ पेज भरवली, ज्यांनी त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या रांगेत रात्री काढल्या, अशी माणसे अद्याप आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून त्यांच्या मुलाखती, त्यांची संमती घेऊन व नावे गोपनीय ठेवून, नोंदवून घेता येतील. शस्त्रक्रियेचा इतिहास आतापर्यंत शस्त्र धरणाऱ्याने लिहिला आहे. ज्याच्यावर शस्त्र चालले त्याचे म्हणणे त्यात आल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही, आणि ते मिळवण्यासाठी आपल्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत.